पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये आणि घटनेचं कलम ४१

धाकट्या भावाला नोकरी लागली आणि पहिल्या पगाराची स्लिप त्याने मला फोनवर पाठवली. एका ओळीभोवती लाल गोल काढला होता. "ताई, पीएफ समजला. पण हे पी. टी. २०० कसले कापलेत?"

व्यवसाय कर, मी लिहिलं. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना दहा हजारांच्या वर गेला आणि बाईचा पंचवीस हजारांच्या वर गेला की महिन्याला दोनशे कापतात. उत्तर पाठवलं आणि वाटलं, आपण अर्धंच सांगितलं. हा कर आपल्याकडे १९७५ साली आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता म्हणून. आणि रोजगार हमीचा कायदा उघडला तर सुरुवातीलाच सापडतं, की घटनेच्या कलम ४१ मध्ये सांगितलेला कामाचा हक्क मिळवून देण्यासाठी हा कायदा केला आहे. म्हणजे भावाच्या पगारातल्या त्या दोनशे रुपयांचा धागा घटनेतल्या एका कलमापर्यंत जातो. आणि ते कलम असं आहे, की नुसतं तेवढं घेऊन कोर्टात गेलात तर कोर्ट तुम्हाला परत पाठवेल.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा माझ्याकडे आला होता, आयटीआय झालेला, दोन वर्षं घरी बसलेला. हातात कलम ४१ ची झेरॉक्स, 'कामाचा' या शब्दाखाली पेनने दोनदा रेघ मारलेली. "मॅडम, हे घटनेत आहे ना? मग दावा लावा." मी पुस्तक काढून त्याला कलम ३७ दाखवलं. त्याने ते सावकाश वाचलं, झेरॉक्सची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "मग लिहिलं कशाला?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

घटनेचा चौथा भाग म्हणजे कलम ३६ ते ५१. अधिकृत नाव 'राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे', शाळेच्या पुस्तकातलं नाव 'मार्गदर्शक तत्त्वे'. यातला 'राज्य' हा शब्द महाराष्ट्र, कर्नाटक अशा अर्थाचा नाही. केंद्र सरकार आणि संसद, राज्य सरकारं आणि विधिमंडळं, महापालिका, जिल्हा परिषद, तुमच्या गावची ग्रामपंचायत, हे सगळं मिळून 'राज्य'. या सगळ्यांना घटना सांगते, की सत्ता हातात आली की तिचं काय करायचं. सगळ्यांना जगण्याचं साधन मिळेल असं बघा. संपत्ती चार हातांत गोळा होऊ देऊ नका. बाई आणि पुरुष यांना सारख्या कामाला सारखा पगार असू द्या. बाळंतपणात बाईला आधार द्या. मुलांना शिकवा, लोकांचं पोषण सुधारा, ग्रामपंचायतींना अधिकार द्या, गरिबाला फुकट वकील द्या, जंगलं राखा. कामाचा, शिक्षणाचा आणि म्हातारपण, आजार, बेकारी, अपंगत्व यांत मदतीचा हक्क मिळेल अशी तरतूद करा. कलम ४१ म्हणतं ते हे, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असं म्हणून.

आता कलम ३७. सगळी मेख तिथे आहे, म्हणून ते हळू वाचायला हवं. एकाच वाक्यात ते तीन गोष्टी सांगतं. पहिली, या भागातल्या तरतुदी कोणत्याही न्यायालयाकडून अमलात आणून घेता येणार नाहीत. दुसरी, तरीसुद्धा देशाचा कारभार करण्याच्या दृष्टीने ही तत्त्वं मूलभूत आहेत. तिसरी, कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. लोक पहिलं वाचतात आणि थांबतात. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्येही एक ओळ असते, 'मार्गदर्शक तत्त्वे न्यायप्रविष्ट नाहीत'. हा शब्द इथे चुकीचा आहे, हे जाता जाता सांगून ठेवते. न्यायप्रविष्ट म्हणजे कोर्टात चालू असलेलं प्रकरण. इथे म्हणायचंय ते इतकंच, की केवळ या कलमांच्या जोरावर सरकारविरुद्ध दाद मागता येत नाही. त्या नोट्स पाठ करून पास झालेली मुलं उद्या तहसीलदार होतात. त्यांच्या डोक्यात 'दाद मागता येत नाही' एवढंच राहिलं आणि 'कर्तव्य आहे' हे गळून पडलं, तर नुकसान तुमचं-माझं होतं.

दाद मागता येत नाही, ती का?

मूलभूत हक्क, म्हणजे घटनेचा तिसरा भाग, बहुतेक ठिकाणी सरकारला 'हे करू नको' असं सांगतो. विनाकारण अटक करू नको, जात बघून दार बंद करू नको, तोंड दाबू नको. सरकारने तसं केलं तर न्यायाधीश आदेश देऊन ते थांबवू शकतो. चौथा भाग 'हे कर' असं सांगतो. शाळा काढ, काम दे, दवाखाना चालव. न्यायाधीशाने उद्या 'या माणसाला काम द्या' असा हुकूम काढलाच, तर कुठलं काम, किती मजुरीचं, पैसे कुठून, आणि ते देताना कुणाच्या वाट्याचे कापायचे? हे ठरवायला लोकांनी आमदार-खासदार निवडून दिलेले असतात आणि त्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रक मांडलं जातं. त्यात १९४७ ची परिस्थिती आठवा. फाळणी, निर्वासितांचे लोंढे, अन्नाची टंचाई. तिजोरीत नसलेल्या पैशासाठी पहिल्याच दिवसापासून सरकारवर दावे लागले असते.

युक्ती आयर्लंडकडून आली. त्यांच्या १९३७ च्या घटनेत कलम ४५ मध्ये सामाजिक धोरणाची अशीच तत्त्वं आहेत आणि तिथेही ती कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत. पण आपल्या घटना समितीत हे सहजासहजी पचलं नाही. के. टी. शाह संतापून म्हणाले, की हा तर बँकेला जमेल तेव्हा वटणारा चेक झाला. टी. टी. कृष्णम्माचारींनी या भागाला भावनांची कचरापेटी म्हटलं. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाचा प्रश्न घटना होण्याच्या आधीच घटना समितीत विचारून झाला होता.

बाबासाहेब आंबेडकरांची इथली भूमिका मला फार जवळची वाटते, कारण ती त्यांच्या मनासारखी झालेली गोष्ट नव्हती. १९४७ साली आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी जे निवेदन तयार केलं, त्यात शेती, विमा आणि मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, आणि हे खुद्द घटनेतच लिहावं, म्हणजे कुठल्याही विधिमंडळाला साध्या बहुमताने ते बदलता येणार नाही, अशी मागणी होती. ती मान्य झाली नाही. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनाच या सौम्य कलमांची बाजू मांडायची होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं त्याचा आशय असा, की सत्ता कुणाच्याही हाती गेली तरी ती मन मानेल तशी वापरायला तो मोकळा नसेल. ही तत्त्वं मोडली म्हणून त्याला कोर्टात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे द्यावाच लागेल. म्हणजे या कलमांना कोर्ट नाही असं नाही. त्यांचं कोर्ट वेगळं आहे आणि त्यात तुम्ही-मी बसतो.

तिथे निकाल लागायला किती वेळ लागतो, हे बघायचं असेल तर शिक्षणाची गोष्ट बघावी.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आपल्याकडे जुनी. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे ती लेखी मांडली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात कायदा करून टाकला. घटना लिहायला बसले तेव्हा शिक्षणाचा हक्क सुरुवातीच्या मसुद्यात मूलभूत हक्कांमध्येच होता. चर्चेत तो तिथून उचलून मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ठेवला गेला. एका सभासदाने सुचवलं, की 'शिक्षण' या शब्दाऐवजी 'प्राथमिक शिक्षण' एवढंच ठेवा. आंबेडकरांनी ते नाकारलं आणि कारण दिलं ते मला कायम लक्षात राहिलं आहे. घटनेत दुसरीकडे आपण चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवायला बंदी केली आहे. मग त्या मुलाने त्या वयात कुठे असायचं? शाळेत.

म्हणून जुन्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षं आली, आणि आणखी एक गोष्ट आली जी चौथ्या भागात दुसऱ्या कुठल्याच कलमाला नव्हती: मुदत. दहा वर्षांच्या आत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. दहा वर्षं म्हणजे १९६०. ती मुदत गेली. त्यानंतर आणखी तीन दशकं गेली. या काळात जी मुलं गुरांमागे गेली, हॉटेलात कपबशा विसळायला गेली, ऊसतोडीला आईबापांबरोबर कोपीवर गेली, त्यांच्यातल्या कुणालाही कोर्टात जाऊन 'माझी शाळा कुठे आहे' असं विचारता आलं नाही. 'लिहिलं कशाला' हा प्रश्न त्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त शोभला असता.

१९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाने हाच प्रश्न सरकारला विचारला. दहा वर्षांची मुदत देऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, त्या शब्दांना काही अर्थ आहे की नाही? आणि जगण्याच्या हक्काचं कलम २१ आणि हे कलम ४५ एकत्र वाचून कोर्टाने सांगितलं, की चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. मग संसद हलली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१ क आलं, २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

फरक काय पडला? २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या, म्हणजे याच शिक्षण हक्क कायद्याने गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागा देण्यातून सूट. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला. पाच महिन्यांत. जुन्या कलम ४५ च्या काळात ते पालक दारातच अडले असते. तत्त्वाचा हक्क झाला, की हे घडतं.

पण त्याच दुरुस्तीत काहीतरी निसटलंही, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. कलम २१ क फक्त सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. सहाच्या आतली बाळं नव्या कलम ४५ मध्ये राहिली, म्हणजे पुन्हा चौथ्या भागात. अंगणवाडीतल्या मुलाच्या जेवणाला २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा आधार आहे. त्याच्या शिकण्याला घटनेतला तसा भक्कम आधार अजून नाही. मेंदू सगळ्यात वेगाने वाढतो ती वर्षं आपण 'प्रयत्न करील' या शब्दांवर सोडली आहेत. मला हे बरोबर वाटत नाही.

रोजगार हमीचा रस्ता वेगळा होता. तिथे कोर्टाने कुणाला ढकललं नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून कल्पना निघाली. साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात ती करून बघितली गेली. मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर विचारा, मिलो, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली ज्वारी, कसा लागायचा आणि खडी फोडून हाताला घट्टे कसे पडायचे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. त्या अनुभवाने एक गोष्ट सिद्ध झाली, की सरकारने ठरवलं तर मागेल त्याला काम देता येतं. कलम ४१ मधली 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही अट कायमची सबब असू शकत नाही. कुवत वाढवताही येते, आणि ती वाढवायलाच शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. शहराने खेड्याच्या कामासाठी पैसे द्यायचे, असा तो हिशेब होता.

१९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला तो अमलात आला. त्यातली ताकद 'मागणी' या शब्दात आहे. मजुराने लेखी काम मागायचं, तारीख घातलेली पोच घ्यायची, पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारभत्ता. त्या पोचपावतीने कलम ४१ ला दात आले. २००५ साली केंद्राने देशभर १०० दिवसांच्या हमीचा कायदा केला, त्याच्यामागे हा महाराष्ट्राचा अनुभव होता. मात्र पोच न देता 'नंतर या' म्हणून परत पाठवणं हेही मी पाहिलं आहे. पावती नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायला सुरुवातच नाही. हक्क कागदावर शाबूत आणि हातात काही नाही. तेव्हा कुणी विचारलंच तर मी आधी एवढंच सांगते, पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.

आता कोर्टाचा भाग. 'दाद मागता येत नाही' म्हणजे कोर्टात या कलमांचं नावही निघत नाही, असा समज आहे. तो चूक आहे. मुंबईतलीच दोन प्रकरणं सांगते.

१९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुंबईत पदपथांवर राहणाऱ्यांची खोपटी पाडून त्यांना शहराबाहेर नेण्याची मोहीम निघाली. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि पदपथावर राहणारे लोक सुप्रीम कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही इथे राहतो कारण काम इथे आहे. इथून काढलंत तर काम जाईल, काम गेलं तर जगायचं कसं? १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. तिथपर्यंत पोचायला त्यांनी आधार घेतला तो कलम ३९ (क) आणि ४१ चा, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांचा. मूलभूत हक्क म्हणजे काय हे ठरवताना चौथा भाग असा चष्म्यासारखा वापरला जातो. मात्र पुढचंही सांगायला हवं. त्या लोकांची जागा काही राहिली नाही. पदपथ मोकळा करण्याचा पालिकेचा अधिकार कोर्टाने मान्य केला, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. तत्त्व जिंकलं, खोपटी गेली. आज देशभरात झोपडी पाडण्याआधी नोटीस द्या म्हणून वकील भांडतात, तेव्हा याच निकालाचा दाखला देतात.

दुसरं प्रकरण जुन्या चाळींचं. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती, मालक दुरुस्ती करत नाही, भाडं नाममात्र, पावसाळ्यात एखादी कोसळते आणि माणसं जातात. १९८६ साली म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली: सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकार इमारत ताब्यात घेऊ शकेल, मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट मोबदला. मालक म्हणाले, हा आमच्या हक्कांवर घाला आहे. सरकारने ढाल पुढे केली ती कलम ३९ (ख) ची: समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या भल्यासाठी व्हावी. मग प्रश्न आला, माझ्या मालकीची इमारत ही 'समाजाची' साधनसंपत्ती कशी? नव्वदच्या दशकात सुरू झालेला हा वाद नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला उत्तर आलं. बहुमताने ठरलं, की खासगी मालकीची प्रत्येक गोष्ट समाजाची साधनसंपत्ती होत नाही. काही मात्र होऊ शकते. ती गोष्ट कसली आहे, किती दुर्मीळ आहे, समाजाच्या भल्यावर तिचा काय परिणाम होतो, मोजक्या हातांत राहिली तर काय होतं, हे बघून प्रत्येक वेळी ठरवायचं.

ही ढाल कशी आली, हे थोडक्यात. घटना लागू झाल्यावर तिसरा आणि चौथा भाग एकमेकांवर आदळले. १९५१ साली मद्रासच्या कॉलेज प्रवेशातल्या जातवार जागांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, मार्गदर्शक तत्त्वं दुय्यम. संसदेने त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून मागासवर्गीयांसाठी खास तरतुदींची वाट मोकळी केली. जमीन सुधारणांवरून अशीच ओढाताण चालू राहिली. १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने सांगितलं, की कलम ३९ (ख) आणि (ग) साठी केलेला कायदा समानतेसारख्या ठरावीक मूलभूत हक्कांच्या आड येतो म्हणून रद्द होणार नाही. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात हा गाभा टिकला. आणीबाणीत, १९७६ साली, ही सूट सगळ्याच मार्गदर्शक तत्त्वांसाठी केली गेली. म्हणजे 'लोककल्याण' एवढं म्हटलं की हक्क बाजूला सारता येणार. १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात कोर्टाने तो विस्तार रद्द केला. तेव्हाही सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडच होते, मूळचे पुण्याचे. त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या भागाला एका रथाची दोन चाकं म्हटलं, एकही दुसऱ्यापेक्षा कमी नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पोट भरण्याच्या नावाखाली तोंड बंद करता येणार नाही आणि स्वातंत्र्याच्या नावाखाली उपाशी ठेवता येणार नाही, अशी ती तोलाची रेषा आहे.

सगळी कलमं सारखी नशीबवान ठरली नाहीत. कलम ४२ मधल्या बाळंतपणाच्या आधाराची पायवाट मुंबई प्रांताने घटनेच्या आधीच, १९२९ च्या कायद्याने पाडली होती आणि १९२८ साली कायदेमंडळात त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत आंबेडकर होते. १९६१ साली देशाचा कायदा झाला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. पण घरकाम करणाऱ्या मावशींना त्यातली किती मिळते ते आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात दिसतं. कलम ४७ दारूबंदीकडे बोट दाखवतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. कलम ४४, समान नागरी कायदा, यावर बाकी सगळ्या कलमांवर मिळून होत नाही एवढी चर्चा एकट्यावर होते. गोव्यात कुटुंबाचा कायदा बराचसा सर्वांना एक आहे म्हणतात ते खरं, पण तो कलम ४४ मुळे नाही, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. ज्यांना कलम ४४ ची घाई आहे त्यांनी कलम ४३ चीही करावी, असं मला मनापासून वाटतं. कलम ४३ म्हणतं, कामगाराला नुसतं किमान वेतन नव्हे, तर माणसासारखं जगता येईल एवढं वेतन आणि थोडी फुरसत मिळावी.

माझ्या रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी पडतं ते कलम ३९ क (मघाचं ३९ (क) नव्हे, हे वेगळं कलम), मोफत कायदेशीर मदत. हे १९७६ साली घातलं, त्यावरचा कायदा १९८७ साली झाला, आणि तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडलं. एकोणीस वर्षं. पण आज जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तालुक्याला समिती आहे, आणि कुठल्याही बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीतल्या कैद्याला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. नवऱ्याने हाकलून दिलेली बाई पिशवीत कागद घेऊन येते आणि आधीच सांगते, "माझ्याकडं फी द्यायला काही नाही." मी तिला अर्ज भरायला बसवते. त्या अर्जामागे घटनेचं एक 'दाद न मागता येणारं' कलम आहे, हे तिला ठाऊक नसतं.

तर तो आयटीआयचा मुलगा आज आला असता तर मी त्याला झेरॉक्सची घडी घालू दिली नसती. कलम ४१ वर दावा लागत नाही, खरं. पण या कलमासाठी आजवर कुठला कायदा झाला, त्या कायद्याचा कुठला नियम, कुठला जीआर तुझ्या गावाला लागू आहे, यंदाच्या अंदाजपत्रकात त्या खात्याला किती पैसे ठेवले आणि त्यातले खर्च किती झाले, हे चार प्रश्न घेऊन आपण बसलो असतो. यातल्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं तर दावा लागतो. चौथ्याचं उत्तर माहितीच्या अधिकारात मागता येतं आणि ते घेऊन ग्रामसभेत उभं राहता येतं, मतं मागायला आलेल्या माणसासमोर ठेवता येतं. त्याने मला विचारलेला 'मग लिहिलं कशाला' हा प्रश्न तिथे विचारायचा होता.

भावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "ताई, ऑफिसातले म्हणतात फेब्रुवारीत पी. टी. तीनशे कापतात. ते का?" अकरा महिने दोनशे म्हणजे बावीसशे, वर तीनशे, मिळून अडीच हजार. घटनेच्या कलम २७६ ने व्यवसाय कराला वर्षाला अडीच हजारांची कमाल मर्यादा घातली आहे. ही मर्यादा १९८८ सालच्या घटनादुरुस्तीने ठरली आणि तिथेच आहे. तेव्हा अडीच हजारांत कुणाचा तरी महिन्याचा संसार चालायचा.